गाव सोडावं असा उन्हाळा



वर्ध्याच्या या व्याख्यानमालेच्या निमंत्रणात व्याख्यानाची वेळ साडेसहाची होती. परवा कार्यकर्त्यांचा फोन आला, "बाई, साडेसात करतो. साडेसहाला सभागृहाच्या भिंतींना हात लाववत नाही." मी चंद्रपूरची. मला यात काही समजावून सांगावं लागलं नाही. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून मराठी माणसाच्या मनात व्याख्यान आणि उन्हाळ्यातली संध्याकाळ यांची सांगड बसली आहे. पण ती संध्याकाळ पुण्याची. तिकडे सहा वाजले की वारा सुटतो. आपल्याकडे सहा वाजता भिंती बोलायला लागतात.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांची मी विद्यार्थिनी नव्हे. आयोजकांनी त्यांची माहिती पाठवली, त्यातली एक ओळ मनात राहिली. शाळेच्या फाटकाबाहेर ते मार्चपासून मृगापर्यंत तीन रांजण ठेवायचे आणि रोज पहाटे स्वतः भरायचे. त्या ओळीमुळेच मी आजचा विषय बदलला. मी नद्यांवर बोलणार होते. आज उन्हाळ्यावर बोलते, आणि आमच्या घरात गेलं वर्षभर चाललेल्या एका बोलण्यावर बोलते.

गेल्या मे महिन्यात यजमानांना ऊन लागलं. ते दिवसभर घराबाहेर पडले नव्हते. वय अडुसष्ट, रक्तदाबाची गोळी चालू. रात्री एकच्या सुमारास वीज गेली, कूलर थांबला. आमचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर उघडा स्लॅब. खिडक्या उघडल्या तर बाहेरची हवा आतल्याहून गरम. मी पुठ्ठ्यानं वारा घालत बसले आणि बसल्या बसल्या माझा डोळा लागला. चारला जाग आली तेव्हा हे पलंगाच्या कडेला बसून बरळत होते. मला माझ्या सासूबाईंच्या नावानं हाक मारत होते. अंगाला हात लावला तर चटका बसला, आणि अंग कोरडं. घाम नाही. भूगोल शिकवण्यात माझा जन्म गेला. घाम थांबणं म्हणजे काय हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. बादलीत होतं नव्हतं ते पाणी अंगावर ओतलं, चादर भिजवून गुंडाळली, खालच्या शेजाऱ्यांना उठवलं. दवाखान्यात सहा दिवस काढले. ते वाचले. डॉक्टरांनी नंतर मला विचारलं, "आदल्या दोन-तीन रात्री त्यांना झोप लागली होती का?" लागली नव्हती. तोवर मी दुपारी किती अंश झाले तेवढंच वाचत होते.

त्यानंतर पुण्याच्या लेकीनं धोशा लावला. "आई, आता पुरे. घर विका आणि इकडे या." तिच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. तिचा आवाज फोनवर कापत होता. तेव्हापासून आमच्या घरात रोज रात्री जेवण झालं की हा विषय निघतो. जावं का? इथे बसलेल्यांपैकी निम्म्या घरांत तो निघत असेल असा माझा अंदाज आहे. नागपूरहून पुण्याला रात्री सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या मोजल्या तर आपली मुलं कुठे आहेत ते कळतं. ती गेली नोकरीसाठी. पण आता आईवडिलांना न्यायला येतात ती उन्हाळ्यासाठी.

मी आधी भूगोलाचं सांगते, कारण आपल्या उन्हाळ्याबद्दल आपणच पुष्कळ वेळा चुकीचं बोलतो. कुणी म्हणतं हे कोळशाच्या खाणींमुळे, कुणी म्हणतं झाडं तोडल्यामुळे. त्यात तथ्य आहे, पण मुळात आपली जागाच अशी आहे. समुद्र दोन्ही बाजूंना शेकडो किलोमीटर दूर. एप्रिल-मेमध्ये वायव्येकडून कोरडे वारे येतात ते राजस्थानावरून तापत. आणि सूर्य अगदी डोक्यावर. चंद्रपूरला 20 मेच्या आसपास दुपारी बारा वाजून नऊ-दहा मिनिटांनी उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. नागपूरला तोच दिवस 26 मेच्या सुमारास येतो. आपल्या आज्या ज्याला नवतपा म्हणायच्या, ते सूर्य रोहिणीत शिरल्यानंतरचे नऊ दिवस 25 मेला सुरू होतात. खगोलशास्त्र न शिकलेल्या बायांनी नेमके तेच दिवस धरून ठेवले होते, याचं मला शिकवताना दरवर्षी अप्रूप वाटे. नागपूरच्या वेधशाळेत 23 मे 2013 ला 47.9 अंशांची नोंद झाली. हाही नवतप्याच्या उंबरठ्यावरचाच दिवस. 2024 च्या मेअखेरीस नागपुरात एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. यंत्राचा सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्यानं नंतर सांगितलं. पण दोन दिवस आपण सगळ्यांनी त्या आकड्यावर विश्वास ठेवला. आपल्या अंगाला तो खोटा वाटला नाही, ही गोष्ट मला त्या आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते.

या जागेत माणसं हजारो वर्षं राहिली. कशी राहिली? मी लहानपणी ज्या घरात वाढले त्याच्या मातीच्या भिंती हातभर रुंद होत्या, वर कवेलू, पुढे सपरी. कवेलूच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची. दुपारी बारा ते चार गाव बंद. शेतावरची कामं पहाटे तीनला सुरू व्हायची. संध्याकाळी अंगणात सडा, रात्री बाजा अंगणात. अंगणात झोपणं ही साधी गोष्ट वाटते, पण त्यात सगळं शहाणपण होतं. मोकळ्या आभाळाखाली जमीन आपली उष्णता झपाट्यानं सोडते. पहाटे तीन-चारला गोधडी ओढावी लागे. दिवस कितीही तापो, शरीराला रात्री विसावा मिळे. आणि पाणी? आमच्याकडे गोंड राजांनी तलाव बांधले. चंद्रपूरचा रामाळा तलाव त्यातलाच. भंडारा-गोंदियाकडे कोहळी समाजानं शेकडो तळी उभारली. पुढे मालगुजारी गेली, तळी सरकारकडे आली आणि त्यांचं नाव पडलं 'माजी मालगुजारी तलाव'. लोक म्हणतात मामा तलाव. नाव मायेचं राहिलं, गाळ मात्र काढायचा कुणी हे ठरलं नाही.

मला त्या काळाचे गोडवे गायचे नाहीत. तेव्हाही माणसं उन्हानं मरत होती, आणि अंगणात झोपायची मुभा बायकांना पुरुषांइतकी नव्हती. पण एक गोष्ट होती. उन्हाळा गावाचा होता. पाणपोई गावाची, तळं गावाचं, दुपारची सुट्टी सगळ्यांची.

मग कूलर आला. मी कूलरची वैरी नाही. त्याच्याविना विदर्भात माझं अर्धं आयुष्य गेलं नसतं. मार्च लागला की घराघरांतून कूलर बाहेर येतात, गंजलेल्या टाकीला रंग लागतो, जुनं जळालेलं गवत काढून नवीन भरलं जातं. ऐपत असेल तर वाळ्याच्या ताट्या. पहिल्या दिवशी पाणी सोडलं की वाळ्याचा तो ओला वास घरभर पसरतो आणि लेकरं कूलरपुढे तोंड करून आऽऽ करत बसतात, आवाज थरथरतो म्हणून. आपल्या उन्हाळ्यातलं हे एक सुख आहे. कूलर चालतो कसा, हे मी वर्गात मुलांना हाताला पाणी लावून फुंकर मारायला सांगून शिकवायची. पाण्याची वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं. बाहेर 44 अंश असेल आणि हवेत दमटपणा 15 टक्क्यांच्या आसपास, तर चांगला कूलर 29-30 अंशांची हवा आत टाकतो. आपलं शरीरही हेच करतं. घाम म्हणजे आपला कूलर. म्हणूनच जूनमध्ये ढग आले आणि हवा दमट झाली की दोन्ही कूलर एकदमच हात टेकतात. 36 अंशांतही जीव गुदमरतो आणि आपण म्हणतो, "आज तर कमीच आहे, मग असं का होतंय?"

16 एप्रिल 2023 ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. त्या दिवशी पारा आपल्याकडच्या मानानं काहीच नव्हता, 38 च्या आसपास. पण खाडीकाठची दमट हवा, डोक्यावर मांडव नाही, लाखो माणसं तासन्‌तास बसलेली. 14 जण दगावले. आपल्याकडे कुणी कुणी तेव्हा म्हणालं, "38 मध्ये मरतात का?" असं बोलू नये. कोरड्या उन्हात वाढलेल्या आपल्याला दमट उन्हाचा अंदाज येत नाही, एवढंच त्यातून दिसतं.

कूलर आल्यावर अंगणातल्या बाजा उचलल्या गेल्या. दारं लागली. प्रत्येकानं आपापल्या घराचा उन्हाळा आपापला सोडवला. पुढे एसी आला, तो तर घरातली उष्णता उचलून शेजाऱ्याच्या खिडकीपाशी टाकतो. आमच्या गल्लीत रात्री अकराला बाहेर उभं राहिलं की दोन्ही बाजूंच्या यंत्रांचे गरम उसासे पायांना लागतात. मातीच्या भिंती गेल्या, स्लॅब आला. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर घरात ओततो. आमच्या अंगणात कडुनिंब होता. गाडीला जागा हवी म्हणून आम्हीच तो तोडला. तेव्हा लेक पुण्याला शिकायला गेली होती, आणि आम्हीही कधीतरी तिकडेच जाणार असं मनात कुठेतरी होतं. गाव सोडायचं मनात आलं की माणूस झाड लावत नाही, असलेलंही राखत नाही. माणूस प्रत्यक्ष जातो त्याच्या कितीतरी वर्षं आधी त्याचं गावाकडे लक्ष उरत नाही, आणि गावाचं खरं नुकसान त्याच वर्षांत होतं.

उन्हाळ्यात गाव सोडून जाण्याची चाल काही नवी नाही. मध्यप्रांताचं इंग्रज सरकार उन्हाळा आला की नागपूर सोडून पचमढीला जायचं. फायली, कारकून, साहेब, सगळा बारदाना डोंगरावर. वऱ्हाडातल्या साहेबांना मेळघाटात चिखलदरा होतं, मुंबई सरकारला महाबळेश्वर. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत पचमढी मध्य प्रदेशात राहिली आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याआधी 1953 मध्ये नागपूर करार झाला होता. त्या करारामुळे सरकार दरवर्षी काही काळ नागपुरात बसतं. ते अधिवेशन बहुतेक डिसेंबरात असतं. म्हणजे राज्यकर्त्यांना आपलं गाव ठाऊक आहे ते हुरड्याच्या दिवसांतलं. वर्षानुवर्षं विदर्भाचा अनुशेष मोजला जातोय. सिंचनाचा, रस्त्यांचा, नोकऱ्यांचा. उन्हाळ्याचा अनुशेष कुणी मोजला नाही. आपल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा आठ-पंधरा दिवस उशिरा उघडतात, तेवढीच काय ती आपल्या हवेची सरकारी दखल.

आज सकाळी सेवाग्रामला जाऊन आले. तुमच्या उशाशी आहे, तुम्ही शंभरदा गेला असाल. मी साडेअकराला मुद्दाम गेले. बापू कुटीत शिरताना बाहेरची झळ उंबऱ्यावर थांबते. जाड मातीची भिंत, बांबू, वर कवेलू, खाली चटई. मी भिंतीला तळहात लावून उभी राहिले. ती थंड होती. माझ्या घराची भिंत त्या वेळी चहाच्या भांड्यासारखी असणार. मीराबेनसाठी उभारलेली ही कुटी पुढे बापूंची झाली. गावात मिळेल तेच सामान वापरायचं, अशी त्यांची अट होती.

गांधीजी सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, पहिल्यांदा आले तो दिवस 30 एप्रिल 1936. भर उन्हाळ्यात, साबरमती सोडलेला माणूस या तापत्या मुलखात मुक्कामाला आला. शाळेत आपण एवढंच शिकवतो. त्यापुढचं मला बरंच उशिरा वाचायला मिळालं. त्याच मे महिन्यात ते विश्रांतीसाठी कर्नाटकात नंदीच्या डोंगरावर होते, आणि जूनमध्ये परतून सेगावात राहू लागले. मला हे वाचून फार बरं वाटलं. मे महिन्यात थंड जागी जाणं म्हणजे गावाशी बेइमानी, असं काही नाही. गांधीजी गेले आणि परत आले. पुढची दहा वर्षं त्यांचं घर इथेच होतं.

म्हणून जे जातात त्यांना मी दोष देणार नाही. ज्यांच्या हृदयाला, मूत्रपिंडाला त्रास आहे आणि ज्यांना जायला जागा आहे, त्यांनी मे महिन्यात जरूर जावं. पण जाऊन सुटका होते हा भ्रम ठेवू नये. पुण्यात 2019 च्या एप्रिलमध्ये पारा 43 अंशांवर गेला होता. बंगळुरूला 2024 च्या उन्हाळ्यात लोक टँकरच्या मागे धावत होते. लेकीच्या अकराव्या मजल्यावरच्या पश्चिमेकडच्या खोलीत मी गेल्या एप्रिलमध्ये दुपार काढली आहे. काचेच्या भिंतीतून येणारं ऊन चंद्रपूरच्या उन्हाइतकंच भाजतं. आणि तिथला एसी चालतो ती वीज कुठून येते? आमच्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॉट आहे. कोळसा आमचा, राख आमची, पाणी आमच्या इरईचं. 2010 च्या उन्हाळ्यात इरई धरण आटलं आणि केंद्राचे संच बंद ठेवावे लागले. आमचा उन्हाळा आणि पुण्याचा गारवा एकाच तारेवर आहेत.

आता ज्यांना जाता येत नाही त्यांच्याकडे वळते. खरं तर तेही जातात. गडचिरोली-चंद्रपूरच्या गावांतून भाताचं पीक घरात आलं की बाया, पोरं, म्हातारे मिरची तोडायला तेलंगणात जातात. टेम्पोत उभ्यानं, भांडीकुंडी घेऊन. तिकडचा फेब्रुवारी-मार्च-एप्रिल, वर मिरचीची आग. उन्हापासून दूर जाण्याची ऐपत आपली. त्यांना पोटासाठी उन्हातून आणखी उन्हात जावं लागतं. जे गावी राहतात किंवा परत येतात ते मे महिन्यात तेंदूपत्त्याला जातात. पहाटे चारला जंगलात शिरायचं, कारण दहानंतर पाय टाकवत नाही. सत्तर पानांचा एक पुडका. पानं खुडताना बाई वाकलेली असते आणि नजर पानावर असते. त्याच झुडपांच्या सावलीला वाघ बसलेला असतो, कारण ऊन त्यालाही लागतं. दर हंगामात आमच्या जिल्ह्यात अशा बाया मारल्या जातात. आपण त्याला मानव-वन्यजीव संघर्ष म्हणतो. मला त्यात उन्हाळाही दिसतो. ज्या वेळी काम करता येईल अशी वेळ दिवसात उरली नाही म्हणून ती बाई अंधारात जंगलात गेली.

उन्हानं माणसं मरतात, पण उन्हाच्या नावावर मरत नाहीत. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं जातं हृदय बंद पडलं. नाक्यावरचा बांधकाम मजूर रात्री झोपेत गेला तर त्याला कुणी उष्माघात म्हणत नाही. अहमदाबादनं हे ओळखलं. मे 2010 मध्ये तिथे लाट आली, 21 मेला पारा 46.8 वर गेला. संशोधकांनी उष्माघाताचे दाखले मोजायचं सोडून त्या महिन्यातले सगळे मृत्यू मोजले आणि आधीच्या आणि नंतरच्या वर्षाच्या मे महिन्याशी ताडून पाहिले. 1344 मृत्यू जास्तीचे निघाले. त्या लाटेचा धडा घेऊन 2013 मध्ये अहमदाबाद महापालिकेनं देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. आधीपासून इशारे, दवाखान्यात तयारी, पाणी.

त्या शहरातली एक छोटी गोष्ट मला आराखड्याहून मोठी वाटते. तिथल्या शारदाबेन रुग्णालयात नवजात बाळांचा कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, डोक्यावर डांबर लावलेलं काळं छत. उन्हाळ्यात तापानं फणफणलेल्या बाळांची संख्या वाढायची. त्यांनी तो कक्ष खालच्या मजल्यावर आणला. बाळांचा त्रास घटला. यंत्र नाही, कोट्यवधींचा निधी नाही. कुणीतरी जिना चढून वर गेलं, छताखाली उभं राहिलं आणि विचार केला. यजमानांना ऊन लागलं त्या रात्रीपर्यंत मी माझ्याच छताखाली उभी राहून असा विचार केला नव्हता. आता आम्ही गच्चीला चुना लावला आहे. दोनदा हात मारावा लागला, पहिल्या पावसात थोडा जाईल. रात्री स्लॅबची आच कमी लागते, हे मला कळायला तापमापी लागली नाही. तेलंगणानं 2023 मध्ये थंड छतांचं धोरणच केलं. आपल्याकडे झोपडपट्टीतल्या टिनांवर चुना मारायला कुणाची परवानगी हवी आहे?

छताचं तसंच कामाच्या वेळेचं. संयुक्त अरब अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घ्यायला मनाई आहे. तिथे गेलेल्या आपल्या कोकणातल्या, मराठवाड्यातल्या गवंड्यांना तो नियम लागू होतो. तेच गवंडी इथे, आपल्या घराच्या पायाला, बारा वाजता उभे असतात. नियम होईल तेव्हा होईल. पण आपल्या घराचं काम आपण अकराला थांबवू शकतो. मजुरी पूर्ण देऊन. दीड तास पहाटे लवकर सुरू करू शकतो. हे मी सरकारला सांगत नाही, इथे बसलेल्या, घर बांधू शकणाऱ्या माणसांना सांगते.

वॉर्डातली शाळा मे महिन्यात रात्री उघडी ठेवता येईल का? उंच छत, मोठ्या खिडक्या, चार कूलर, पाण्याचा माठ. ज्यांच्या डोक्यावर टिन आहे त्यांना दोन महिने रात्री तिथे झोपता येईल. मी आमच्या नगरसेवकांना विचारलं, ते हसले नाहीत, "बघू" म्हणाले. मी परत विचारणार आहे. ज्याला पुण्याला जाता येतं त्याचाच आवाज नगरपालिकेत ऐकू येतो, आणि तोच माणूस मे महिन्यात पुण्यात असतो. हे ओळखून मार्चमध्येच बोललं पाहिजे.

आता आमच्या घरात काय ठरलं ते सांगते आणि थांबते. घर विकायचं नाही. लेकीनं 12 मेची तिकिटं काढली आहेत. मृगाचा पाऊस पडला की आम्ही परत. यजमानांची तब्येत बघता दुसरं काही करता येत नाही. पण तिकिटं हातात आली त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या मागच्या भिंतीला लागून खाली टिनाची खोली आहे. धुणंभांडी करायला येणाऱ्या ताई, त्यांचे मालक, सासू आणि एक सात वर्षांची मुलगी तिथे राहतात. म्हणजे नवतप्याचे नऊ दिवस माझं घर कूलरसकट कुलूपबंद राहणार आणि वीतभर भिंतीपलीकडे चौघं जण टिनाखाली जागणार. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं. लग्नकार्याला, लेकीकडे, आम्ही जातच होतो. माझ्या लक्षात कधी आलं नाही.

परवा मी त्यांना किल्ली दिली. म्हटलं, रात्री सगळे इकडेच झोपा. त्या बराच वेळ किल्लीकडे बघत राहिल्या. आपल्या सासूबाईंना जिना चढवेल की नाही, याचा विचार करत असाव्यात. मग त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, कूलरात पाणी कोणत्या वेळी भरायचं?"

मी त्यांना घेऊन कूलरपाशी गेले. आमच्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कुणी ना कुणी जातं, म्हणून तीनदा करून दाखवलं. आधी बटण बंद. मग प्लग काढून वायर खिडकीच्या गजावर टाकायची. पायात चप्पल. मग बादली.